आपल्या बेळगावच्या रेल्वे लाईनीवर लिहायचंय ना? मग हे बघ

ही लाईन सांगताना स्टेशनांची यादी देऊ नको, ती टाइमटेबलात असतेच. उगार-कुडचीचा ऊसपट्टा, कृष्णेचा पूल आणि बेळगावपुढे देसूर, खानापूर, गुंजी करत दाटत जाणारं रान, हा बदल खिडकीतून टिप.

लोंढ्याला मात्र सावकाश थांब. एक फाटा धारवाड-हुबळीकडे, दुसरा कॅसलरॉकवरून गोव्याच्या घाटात. त्या घाटातला चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर गेलं की 1 मीटर वर, म्हणून घाटाखालच्या कुळ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. ती जोडताना डब्याला बसणारा हिसका लिही की! दूधसागरचे फोटो काय, सगळ्यांकडे आहेत. त्यासाठी रुळावरून चालत तर मुळीच जाऊ नको, बंदी आहे.

मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीची जुनी लाईन, 1990 च्या दशकात गेली. तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्यांना विचार.