डॉक्टर एक सांगतो, खाद्यवाला दुसरं, मग ऐकायचं कुणाचं?

दादा, १२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, त्यातल्या ५ सारख्या उलटतायत, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत, डॉक्टर म्हणतो इंजेक्शनचा कोर्स करू, खाद्यवाला म्हणतो बायपास फॅट, म्हणजे ताकदीसाठी खाद्यात घालायची चरबी, चालू करा, भरवणारा, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा, म्हणतो सीमेन (वळूचं वीर्य) बदलू, आणि तुम्ही विचारताय यातलं कुणाचं ऐकू. सुटं सुटं कुणाचंच ऐकू नका. तिघांना एकाच दिवशी एकाच वेळी गोठ्यावर बोलवा.

कारण तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गाय व्यायली की दूध झपाट्याने चढतं पण खाणं तेवढं चढत नाही, मग ती अंगातली चरबी वितळवते, हाडं वर येतात, माज मुका होतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही, नाहीतर लागतच नाही. आता हे डॉक्टरला पाठीवर हात फिरवून कळतं, पण गव्हाणीत काय पडतंय ते खाद्यवाल्याला माहीत, आणि फोन कधी आला ते भरवणाऱ्याला. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हे गणित चुकलं की सीमेन कितीही भारी आणा. समोरासमोर बसले की एकमेकांवर ढकलता येत नाही, तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. एक माज हुकला की २१ दिवस गेले, खुराक मात्र चालूच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ही पद्धत चांगली रुजलीय, मालक, व्हेट, आहारतज्ज्ञ, बँकवाला असे ठरावीक दिवसांनी एकत्र बसतात, सेंटर फॉर डेअरी एक्सलन्स अशा टीमसाठी पैशाची मदतही करतं. आपल्याकडे बँकवाल्याची गरज शेड किंवा मिल्किंग मशीन घ्यायचं असेल तेव्हाच. पण काहीही न विकणारा एक माणूस बैठकीत पाहिजेच, केव्हीकेचे (कृषी विज्ञान केंद्राचे) पशुतज्ज्ञ किंवा दूध संघाचा सुपरवायझर बघा, नाहीतर सगळी चर्चा खाद्याच्या गोणीवर येऊन थांबते.

आणि वहिनी धार काढत असतील तर त्यांना चहापुरतं आत ठेवू नका हो, खुर्ची द्या! कुठली गाय रात्री हंबरत होती, कुणाचं एक सड कडक लागतंय हे त्यांनाच आधी कळतं, ही माहिती कुठल्याच वहीत नसते.

वही मात्र लागेलच. व्यायल्याची तारीख, माजाची तारीख आणि वेळ, भरवल्याची तारीख, सीमेनचा नंबर, रोजचं दूध, डेअरीच्या फॅट-एसएनएफच्या (दुधातली चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) स्लिपा. डॉक्टरला त्या दिवसाची फी द्या, फुकट बोलावलं की माणूस घाईत असतो. निघायच्या आधी कुणी काय करायचं ते सगळ्यांसमोर लिहा आणि पुढची तारीख तिथेच ठरवा.

पहिल्या बैठकीत फक्त या ५ गायी घ्या, दुधाचा भाव, मुक्त गोठा, मुरघास सगळं नंतर. पाचही गायींच्या व्यायल्याच्या आणि भरवल्याच्या तारखा इथे टाका, बघून सांगतो.