रूट, रूट आणि वाट

दारव्ह्याकडच्या एका पोराने विचारलंय: "भाऊ, वेब फ्रेमवर्कमधल्या 'रूट'ले मराठीत काय म्हनाव? मार्ग, पथ का वाट? अन् पाथ अन् रूट एकच हायेत का?" गावातल्या शेतांच्या नोंदींसाठी तो जँगोत (पायथनमधली एक वेब फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा) एक छोटं ॲप करतो आहे. सोबत त्याने रूट लिहिलेली फाइलही पाठवली.

शेवटचा प्रश्न आधी. एकच नाहीत. एसटीतून उतरलेला पाहुणा पारावर येऊन विचारतो, "पाटलाच्या विहिरीकडे कसं जा लागते?" त्याच्या तोंडची ती 'पाटलाची विहीर' म्हणजे पाथ, ब्राउझरच्या पत्त्यात साइटच्या नावापुढे येतो तो भाग. पारावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात जी यादी असते, विहीर म्हटलं की डावीकडची पांदण, मारोती म्हटलं की नाल्यापलीकडून, तिच्यातली एकेक नोंद म्हणजे रूट: अमुक पाथ आला की तमुक पान दाखवायचं. पाथ बाहेरून येतो, रूट आपण लिहून ठेवलेला असतो. घोळ व्हायला जँगोनेही हातभार लावलाय. २०१७ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून तिथे रूट नोंदवायच्या फंक्शनचंच नाव 'पाथ' आहे, आणि त्याला द्यायच्या पहिल्या गोष्टीचं नाव 'रूट'!

देवनागरीत आणखी एक पंचाईत. साइटचं मूळ पान, म्हणजे नुसती तिरपी रेघ, तेही 'रूट'च. इंग्रजीत ते root, मूळ, आणि आपला तो route; देवनागरीत दोन्ही सारखेच. वर्गात कुणी "रूटचा रूट लिव्हला का?" म्हटलं तर वहीत काय उतरवायचं? एवढ्यासाठी तरी मराठी शब्द हवा.

'पथ' मला नको. राजपथ, पथदिवे, पथसंचलन. एकटा तो कधी कुणाच्या बोलण्यात येत नाही. 'मार्ग' चालेल, पण महामार्गाचा वास येतो. पांदण आमची लाडकी, दोन्हीकडच्या धुऱ्यांनी दरवर्षी वीतभर खाल्लेली, आषाढात गुडघाभर चिखलाची. पण घाटाखालच्या वाचकाला ती 'पाणंद' म्हणून समजवावी लागेल.

राहिली वाट. संस्कृत 'वर्त्मन्', प्राकृत 'वट्ट', मग आपली 'वाट'. (हिश्श्याच्या 'वाटा'शी तिचं नातं नाही, तो 'वण्ट्'चा.) गंमत म्हणजे इंग्रजी रूटचं मूळ लॅटिन 'रुप्ता', म्हणजे फोडलेली, रान तोडून केलेली वाट. आपण 'वाट पाडणे' म्हणतो ते तंतोतंत हेच. प्रोग्रामर वाटा पाडतो, आणि आलेल्याला योग्य वाटेला लावणारा राउटर तो वाटाड्या. हा शब्द तर घडवावाही लागत नाही. पाथला 'आतला पत्ता' म्हणावं: डोमेन म्हणजे गाव, पुढचा तो आतला पत्ता. मात्र 'वाटेला लावणे' आणि 'वाट लावणे' यांतलं अंतर सांभाळा.

आता पोराची फाइल. त्याच्या यादीत 'शेत/<नाव>/' ही वाट ('नाव'च्या जागी कुठलंही नाव चालतं) वर आहे आणि 'शेत/नवीन/' खाली. जँगो यादी वरून खाली वाचतो आणि जुळलेली पहिलीच वाट धरतो. त्यामुळे नवीन शेताचा फॉर्म उघडायला गेलं की तो 'नवीन' नावाचं शेत शोधत बसतो आणि ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', देतो. म्हाताऱ्याचंही तेच, पहिला ओळखीचा शब्द कानावर पडला की बोट दाखवून मोकळा, पुढचं ऐकतो कोण! तेव्हा 'नवीन'ची ओळ वर घे.

आणि शेतांची नावं मराठीत ठेवणार असशील तर वाटेतल्या 'नाव'च्या जागेसाठी 'स्लग' हा प्रकार चालणार नाही, त्यात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा बसतात. 'एसटीआर' (str, म्हणजे साधा मजकूर) वापर. ब्राउझर 'शेत' हा एवढासा शब्द टक्केचिन्हांच्या २७ अक्षरांत गुंडाळून पाठवतो, पण जँगो तो उलगडूनच वाटेशी ताडून पाहतो. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ती लांबलचक ओळ दिसली तर घाबरू नको.