अडीच वर्षांचं मूल लोळण घेतं तेव्हा

किंचाळणाऱ्या मुलाला समजावत बसू नका, त्या क्षणी डोक्यात काही शिरत नाही. भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. हे तर अडीच वर्षांचं! खाली बसा, नजरेला नजर येऊ द्या, आवाज हळू. ‘ठोकळ्यांचा मनोरा पडला, राग आला ना?’ एवढंच म्हणा आणि थांबा. मारत असेल तर हात हलकेच धरा.

खरी गडबड होते ती दहा मिनिटं ‘नाही’ म्हणून अकराव्या मिनिटाला मोबाइल देण्यात. कधी मिळतो, कधी नाही, म्हणूनच हट्ट चिवट होतो. द्यायचाच तर पहिल्या मागणीलाच द्या. आणि हो, भूक-झोप आधी तपासा; बरेचदा मूळ तिथेच असतं.