वजनदार बांध्यासाठी (छाती ४८ इंच) स्वतः शिवायचा पहिला कुर्ता: कापड कोणतं घ्यावं?

पहिल्या कुर्त्यासाठी मध्यम जाडीचं सुती कापड घ्या, कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन. मी नागपूरच्या महाल भागात शिवणवर्ग घेते आणि नवशिक्यांना हेच आणायला सांगते. सुती कापड कात्रीखाली सरकत नाही, इस्त्रीने घडी नीट बसते आणि मुंडा (बाही जोडतात ती काखेभोवतीची गोलाई) दोनदा उसवावा लागला तरी सहसा विरत नाही. मोठ्या मापात फिटिंगचा खरा प्रश्न मुंडा आणि दंडाशीच येतो, त्यामुळे उसवणं होणारच. त्यात तुमचा काही दोष नाही. जॉर्जेट, साटीन, क्रेप आत्ता नको. नागपूरच्या मे महिन्यात पॉलिस्टर तर अजिबातच नको.

गांधीबागेत किंवा इतवारीत कापड घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४८ इंच छातीला पुढचा आणि मागचा भाग ४४ इंची पन्ह्यात शेजारी-शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक कापावे लागतात. म्हणून गुडघ्यापर्यंतच्या, बाह्यांच्या कुर्त्याला साधारण ३ मीटर लागतं. दुकानदार सवयीने अडीच सांगेल, ऐकू नका. कापड आधी भिजवून वाळवा, मगच कापा, सुती आटतं. जमलं तर वरचा भाग आधी स्वस्त मांजरपाटात (जाड्याभरड्या सुती कापडात) शिवून अंगावर बघा.

मात्र चुण्यांचा किंवा घेरदार कुर्ता हवा असेल तर कडक पॉपलिन पोटाशी फुगतं. तिथे रेयॉनच छान पडतं, पण ते निसटतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या कुर्त्याला घ्या.