गावच्या अभ्यासिकेत जुने थिन क्लायंट चालतील का?

ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत दहा जागा करायच्या आहेत, पैसे कमी आहेत, नागपूरला कंपन्यांतून निघालेले थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हर नावाच्या एका मुख्य संगणकाला जोडून चालणारे छोटे संगणक, स्वस्तात मिळताहेत, घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आठ जागा चार वर्षांपासून अशाच चालू आहेत. फक्त आधी रॅम, म्हणजे मशीनची कामाची मेमरी, बघा.

एचपी टी६२० सारखं मशीन असेल आणि त्यात ४ जीबी रॅम असेल, तर एलटीएसपी लावा, म्हणजे एकाच सर्व्हरवरून सगळी मशीनं सुरू करणारं मोफत सॉफ्टवेअर. लिनक्स एकदाच सर्व्हरवर बसवायचं. प्रत्येक मशीन सुरू होताना त्या लिनक्सची तीच तयार प्रत (इमेज) नेटवर्कवरून उचलतं, पण ब्राउझर, ऑफिस स्वतःच्याच प्रोसेसरवर चालवतं. त्यामुळे सर्व्हर म्हणून साधा डेस्कटॉपही पुरतो. सगळ्या मशीनच्या केबल जोडायचा स्विच मात्र गिगाबिट वेगाचाच घ्या. डेल वायझ ३०४० या दुसऱ्या मॉडेलची २ जीबी रॅम बोर्डालाच जोडलेली असते, वाढवता येत नाही. त्यावर सर्व्हरचा पडदा तेवढा रिमोट डेस्कटॉपने दाखवायचा. मग सगळा भार सर्व्हरवर येतो, आणि चार पोरांनी एकदम लेक्चरचे व्हिडिओ लावले की बाकीच्यांचंही अडकतं. अभ्यासिकेसाठी मी ते घेणार नाही.

अ‍ॅडाप्टर सोबतच मागा. ३०४० मध्ये ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत, लेबल वाचल्याशिवाय पिन लावू नका. मागे बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो, जुन्या मॉनिटरसाठी कन्व्हर्टरचा खर्च धरा. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा.

आपल्याकडे खरा प्रश्न लाईनचा. सुरुवातीला रोज सकाळी तीन मशीनं काळ्या पडद्यावर तारीख चुकल्याचं सांगत, बटण दाबायची वाट बघत थांबलेली असायची. पोलीस भरतीची पोरं सहाला येऊन बसायची आणि मला फोन करायची. उघडून बघितलं तर आतला नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला. रात्री लाईन गेली की घड्याळ पुसलं जायचं. सगळ्यांचे सेल बदलले, बायोसमध्ये लाईन आल्यावर आपोआप सुरू व्हायचं ठेवलं, फोन थांबले. तुम्ही मशीन आणल्याबरोबर सेल बदला. इन्व्हर्टर लहान असेल तर आधी सर्व्हर आणि स्विच त्यावर घ्या. सर्व्हर बसला की दहाही जागा बसतात.

उन्हाळ्याची काळजी करू नका. आमच्या शेजारी जिनिंग आहे, कापसाच्या तंतूंनी जुन्या डेस्कटॉपचे पंखे जाम व्हायचे. यात पंखाच नाही. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, एकावर एक रचू नका.

आणि केबल मोकळ्यावरून नेऊ नका. आम्ही शाळेच्या खोलीपर्यंत अंगणातून साधी लॅन केबल ओढली होती. मृगात जवळच वीज पडली, स्विचचे चार पोर्ट आणि दोन मशीनचे लॅन पोर्ट गेले. आता तेवढ्या अंतरात वीज न वाहणारी काचेची फायबर केबल आहे.