लांबच्या प्रवासात गावातल्या घरगुती खानावळीत जेवावं का, की हायवेवरचं मोठं हॉटेलच बरं?

बरोबर वयस्कर आई आणि लहान मुलगा आहे, त्यामुळे पोट बिघडायची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं, खुशाल जेवा. फक्त गावातली माणसं जेवायला येतात त्या वेळेला जा, आणि त्या दिवशी जे शिजलंय तेच मागा. माझा घरगुती खानावळीवर फार जीव आहे. पण तिथे जेवण चांगलं मिळणं हे बरंचसं आपण कधी पोचतो यावरच ठरतं.

अशा ठिकाणी स्वयंपाकघरात एक-दोन माणसं आणि मोजकी पातेली असतात. स्वयंपाक जेवणाच्या वेळेच्या बेताने होतो, दिवसभर थोडाथोडा होत नाही. गर्दीच्या वेळी गेलात तर नुकतंच उतरवलेलं ताटात येतं. तेच टळटळीत दुपार उलटल्यावर पोचलात तर सकाळचं उरलेलं मिळणार, आणि तो दोष खानावळीचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. आता खानावळीत कोण थर्मामीटर घेऊन बसणार? म्हणून मी वाढणाऱ्या माणसाचा हात बघतो. झाकण काढल्यावर भसकन वाफ आली, आतून ओघळलेलं पाणी परत पातेल्यात टपकलं आणि डाव तळापर्यंत फिरवून वाढलं, की माझी खात्री पटते. मोठ्या पातेल्यात कडेला चटका बसतो आणि मधलं नुसतं कोमट असतं, म्हणून तळापासून ढवळणं महत्त्वाचं. घास फुंकर न मारता सहज तोंडात जात असेल तर सरळ सांगा, जरा चांगलं गरम करून द्या. कोणी राग मानत नाही.

भाताच्या बाबतीत मात्र गरम करून भागत नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही तग धरतात. भात तासन्‌तास तसाच राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे भात कधी केलाय हे मोकळेपणाने विचारा. ‘सकाळचा आहे’ असं उत्तर आलं तर मुलाला तो देऊ नका, दुसरं काही ताजं असेल ते मागा. आधीच चिरून ठेवलेलं कच्चं काही, बर्फ आणि उघड्या भांड्यातलं पाणी मुलाला आणि आईंना नकोच. पाण्याची सीलबंद बाटली जवळ ठेवा.

छोट्याशा स्वयंपाकघराचं मेनूकार्ड पानंच्या पानं असेल तर मी तिथे बसत नाही. एवढे पदार्थ दोन माणसं रोज ताजे करूच शकत नाहीत. याउलट ‘आज काय केलंय?’ या प्रश्नाला क्षणाचाही विचार न करता दोन-तीन पदार्थांची नावं आली, की निवांत बसावं. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात हा प्रश्न विचारायची सोयच नसते, आणि मला तरी घरगुती ठिकाण आवडण्याचं हेच मोठं कारण आहे. ज्याने रांधलंय तो समोर उभा असतो आणि आपण पहिला घास घेताना तो आपल्या तोंडाकडे बघत असतो.

गाडी चालवणाऱ्याने तिथेही बेतानेच जेवावं. दुपारी तशीही डुलकी येते, त्यात पोट तट्ट भरलेलं असलं की आणखी.

ताटावर बसायच्या आधीच जेवणाचा दर विचारून घ्या, आणि थोडी रोकड जवळ असू द्या, कारण आडबाजूला फोनची रेंज जाते. आईंना मीठ-तिखट कमी लागत असेल तर ते वाढताना सांगून उपयोग नाही, पातेल्यात सगळं पडलेलं असतं. खानावळीचा नंबर मिळाला तर सकाळी निघतानाच फोन करा. किती माणसं आहात, साधारण किती वाजता पोचाल आणि एका माणसाचं कमी मिठाचं हवंय, एवढं सांगितलं की मीठ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढून ठेवणं त्यांना सहज जमतं.