बायको मराठी शिकतेय, पण आधीपेक्षा जास्त चुकायला लागलीये. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की बायको तमिळ आहे, आधी 'मी चटणी केली' असं नीट म्हणायची आणि आता 'मी चटणी केले' म्हणते, मग शिकलेलं विसरत चाललीये का. अजिबात नाही! उलट आत्ता तिचं खरं शिकणं सुरू झालंय. मी अमराठी लोकांना मराठी शिकवते आणि हा टप्पा दिसला की मला मनापासून आनंद होतो.

आधी 'चटणी केली' हे तिने अख्खंच्या अख्खं कानाने उचललेलं होतं, केली का आणि केले का नाही हा प्रश्नच पडला नव्हता. मग 'मी आले, मी गेले, मी बसले' ऐकून ऐकून तिने स्वतःच नियम काढला, की बाई बोलतेय तर शेवटी 'ले', आणि तमिळमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं त्यामुळे तो तिला पटलाही. शिवाय आपण 'मी चहा प्याले', 'मी मराठी शिकले' असंही म्हणतोच की, मग तिने तरी काय समजायचं! केली-केलं-केला हे चटणी, काम, भात यांच्यावर ठरतं हे कळायला आधी प्रत्येक वस्तूचं लिंग माहीत हवं, आणि तमिळमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच, म्हणून इथे वेळ लागणारच.

हिंदीवाल्यांना हे सोपं जातं कारण त्यांच्याकडे 'मैंने चटनी बनाई' आहे, पण ते आपण आणि आम्ही मध्ये अडकतात. तिथे तुमची बायको अडकणार नाही, तमिळमध्ये नाम आणि नांगळ असा तोच फरक आहे.

भाषातज्ज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये हेच मांडलं होतं, की शिकणाऱ्याच्या चुकांमधून त्याच्या डोक्यात त्या वेळी कुठले नियम चालू आहेत ते दिसतं. नंतर 1972 मध्ये लॅरी सेलिंकर या दुसऱ्या भाषातज्ज्ञांनी म्हटलं की शिकणाऱ्याची ही स्वतःची भाषा आणि नवी भाषा यांच्या मधली भाषा स्वतःच्या नियमांनी चालते, आणि काही चुका तिथेच घट्ट बसूही शकतात.

म्हणून प्लीज दर वाक्याला टोकू नका, माणूस बोलायचंच बंद करतो. ती 'चटणी केले' म्हणाली की 'अरे वा, कसली चटणी केलीस?' एवढंच विचारा, बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात. आणि ती अडखळली की घरचे लगेच हिंदी-इंग्लिशवर जात असतील तर ते आधी थांबवा, थोडं थांबा, तिला वाक्य पूर्ण करू द्या.